पिचर दोनच धावा देतो, तरी संघ का हरतो?

प्रश्न असा आला आहे: "मी खानदेशातल्या एका कॉलेजच्या बेसबॉल संघाचा प्रशिक्षक आहे. आमचे दोन पिचर उत्तम आहेत, सामन्याला दोन-तीनच्या वर धावा देत नाहीत. तरी आम्ही १-२, ०-१ असे हरतो. सगळे बॅटर एकाच वेळी फॉर्म हरवून बसलेत. २०२४ मध्ये सिएटल मरिनर्सचंही असंच झालं होतं ना? पिचिंग एवढी भक्कम असताना संघ का बुडतो, आणि बॅटरना यातून बाहेर कसं काढायचं?"

मी मूळचा अमरावतीचा. आधी सॉफ्टबॉल, मग बेसबॉल, दोन्ही तिथेच शिकलो. गेली अठरा वर्षं सिएटलच्या पूर्वेकडच्या उपनगरात शाळकरी मुलांना बॅटिंग शिकवतोय. त्यामुळे २०२४ चा तो उन्हाळा मी रोज संध्याकाळी पाहिला आहे, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या नेटमध्ये त्यावरच्या मुलांच्या प्रश्नांना उत्तरंही दिली आहेत.

आधी सरळ उत्तर देतो. तुम्ही लिहिता त्यावरून असं वाटतं की पिचिंग हे एक खातं, बॅटिंग हे दुसरं, आणि दुसऱ्यातला खड्डा पहिल्यातल्या शिलकीने भरता येत नाहीये. खरं तर खातं एकच आहे. बॅटरनी न काढलेली धाव पिचरच्या खांद्यातून वसूल होते. थोडे दिवस तो देतो. मग त्याचीही ताकद संपते आणि लोक म्हणतात, "आता पिचिंगही ढेपाळली." मरिनर्सबद्दल सगळे बोलले ते बॅटिंगवर. मला मात्र जास्त बोलायचं आहे ते बॅटिंगने पिचिंगचं काय केलं यावर.

त्या वर्षी मरिनर्सकडे पाच स्टार्टर, म्हणजे आळीपाळीने सामना सुरू करणारे पिचर, होते: लोगन गिल्बर्ट, जॉर्ज कर्बी, लुईस कस्तिओ, ब्राइस मिलर आणि ब्रायन वू. पाचही चांगले आणि पाचवाही पहिल्याच्या जवळपास, अशी पाळी, म्हणजे रोटेशन, क्वचित जमतं. स्टार्टरांचा मिळून ईआरए, म्हणजे नऊ इनिंगमागे पिचरच्या नावावर लागलेल्या धावा, ३.३८ होता. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलमध्ये, सर्वोत्तम. १८ जूनला संघ ४४ विजय आणि ३१ पराभवांवर होता, विभागात दहा सामन्यांनी पुढे. महिन्याभरात ती आघाडी पूर्ण गेली. ह्यूस्टन ॲस्ट्रोसने गाठलं, मागे टाकलं. २२ ऑगस्टला मॅनेजर स्कॉट सर्व्हायस यांना काढलं तेव्हा हिशोब ६४-६४ असा बरोबरीचा होता. शेवटी ८५ विजय झाले आणि प्लेऑफ, म्हणजे मोसमानंतरची बाद फेरी, एका सामन्याने हुकला, कारण कॅन्सस सिटी आणि डेट्रॉइट ८६ वर होते.

वर्षभरात संघाची बॅटिंग सरासरी होती .२२४, आणि स्ट्राइकआऊट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद, १,६२५, लीगमध्ये सगळ्यांत जास्त. सामन्याला दहा पडले. नऊ इनिंगच्या सामन्यात २७ आऊट मिळतात. त्यातले दहा आऊट चेंडू मैदानात न जाताच संपले. तुमच्या मुलांना हा एक आकडा सांगा, पुरेसा आहे.

आता पिचरकडे या. आपण मराठी माणसं क्रिकेट बघत वाढलेली, त्यामुळे एक गोष्ट लक्षात यायला वेळ लागतो. कसोटीत आपले फलंदाज दीडशेत आटोपले तरी गोलंदाजाला निदान ठाऊक असतं की फळ्यावर किती आहेत आणि आपल्याला किती वाचवायचे आहेत. बेसबॉलमध्ये पिचर सहा-सात इनिंग टाकतो आणि प्रत्येक इनिंगनंतर बाकावर येऊन बसतो. फळ्यावर शून्य. त्याचा हात गरम आहे, खांद्यावर जॅकेट टाकलंय, घसा कोरडा पडलाय, आणि समोर आपला पहिला बॅटर पहिल्याच चेंडूवर ग्राउंडर, म्हणजे जमिनीलगतचा फटका, मारून बाद. दुसरा तीन चेंडूंत स्ट्राइकआऊट. तिसऱ्याचा उंच उडालेला झेल. सात-आठ चेंडूंत सगळं संपलं. जॅकेट काढून तो परत माउंडवर, चेंडू टाकायच्या उंचवट्यावर.

हे दृश्य मी मुलांच्या सामन्यात शेकडो वेळा पाहिलं आहे. कुणी दखल घेत नाही, कारण स्कोअरबुकमध्ये ते दिसत नाही. बॅटर लांब खेळले तर पिचरला दहा-बारा मिनिटं मिळतात. पाणी पिऊन होतं, श्वास लागलेला असतो तो बसतो, कॅचरशी पुढच्या तीन बॅटरबद्दल बोलून होतं. बॅटर झटपट संपले तर त्याचे ९० चेंडू ११० सारखे जड होतात. जून-जुलैच्या उकाड्यात तर जास्तच. तुमच्याकडे जळगाव-भुसावळच्या उन्हात याचा विचार अमेरिकेपेक्षाही आधी करायला हवा.

दुसरा परिणाम मनावर होतो, आणि मनातून हातावर. चार धावांची आघाडी असलेला पिचर पहिला चेंडू बिनधास्त मधोमध टाकतो: मार, पाहू काय करतोस. बॅटर मारतो, बहुतेक वेळा बाद होतो, कारण मधोमध आलेला चेंडूही चांगला पिचर टाकतो तेव्हा मारणं सोपं नसतं. तोच पिचर ०-० असताना कोपरे शोधू लागतो. एक धाव म्हणजे हार, हे त्याला माहीत असतं. कोपरे शोधताना चेंडू बाहेर जातो, एक बॉल, दोन बॉल. दोन बॉल, शून्य स्ट्राइक, म्हणजे २-० झालं की आता नाइलाजाने मधोमध टाकावा लागतो आणि बॅटरला ते कळतं. होमरन असाच जातो. म्हणजे ज्या गोष्टीची भीती होती तीच त्या भीतीने घडवून आणली. मरिनर्सचे स्टार्टर इतके दिवस टिकले कारण वॉक, म्हणजे चार बॉल टाकून बॅटरला फुकट बेस, न देणं हा त्यांचा स्वभावच होता. कर्बीने २०२३ मध्ये १९० इनिंगमध्ये फक्त १९ वॉक दिले होते. हा माणूस ०-० ला सुद्धा प्लेटवरच टाकतो. सगळ्यांना हे जमत नाही, तुमच्या एकोणीस वर्षांच्या पिचरला तर नाहीच.

तिसरा परिणाम बुलपेनवर, म्हणजे स्टार्टरनंतर येणाऱ्या राखीव पिचरांवर, रिलिव्हरांवर. रोजचा सामना २-१, ३-२ असा असेल तर शेवटच्या तीन इनिंगला रोज तेच दोन-तीन भरवशाचे रिलिव्हर लागतात. मोठ्या फरकाने जिंकलं तरच त्यांना विश्रांती मिळते. न जिंकणाऱ्या बॅटिंगपेक्षा जेमतेम जिंकून देणारी बॅटिंग बुलपेनला जास्त थकवते, असं माझं मत आहे. त्यात २०२० पासून दहाव्या इनिंगपासून दुसऱ्या बेसवर रनर आयता ठेवतात. ज्या संघाला नुसता ग्राउंडर मारून त्याला तिसऱ्यावर सरकवता येत नाही, त्याला हा नियम जड जातो.

गिल्बर्टचंच बघा. त्या वर्षी अमेरिकन लीगमध्ये सर्वांत जास्त इनिंग त्याने टाकल्या, २०८ च्या वर. दर इनिंगला त्याच्यावर सरासरी एकाहून कमी बॅटर हिट किंवा वॉकने बेसवर पोचत होते, आणि हिट-वॉकच्या या हिशोबात तो अख्ख्या मेजर लीगमध्ये पहिला होता. त्याचा हिशोब काय राहिला? नऊ विजय, बारा पराभव.

पिचरच्या विजय-पराभवावरून त्याला जोखू नका, हे म्हणणं काही नवीन नाही. २०१८ मध्ये न्यूयॉर्क मेट्सच्या जेकब डीग्रॉमचा ईआरए १.७० होता आणि विजय-पराभव १०-९. त्याने सुरू केलेल्या ३२ सामन्यांपैकी मेट्सने १४ जिंकले. तरी सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्यालाच मिळाला आणि मिळायलाच हवा होता. सिएटलला तर हे दुखणं जुनं आहे. २०१० मध्ये फेलिक्स हर्नांडेझ २.२७ ईआरए घेऊन १३-१२ वर राहिला, कारण त्या संघाने अख्ख्या वर्षात ५१३ धावा केल्या, सामन्याला तीनच्या थोडं वर. त्यालाही साय यंग मिळाला. १५ ऑगस्ट २०१२ ला त्याने टॅम्पा बेविरुद्ध परफेक्ट गेम टाकला, २७ बॅटर आले आणि २७ गेले. त्या दिवशीही सामना १-० ने जिंकला. त्याच्या बॅटरनी परफेक्ट गेमच्या दिवशीसुद्धा त्याला एकच धाव दिली होती. इथले जुने प्रेक्षक ही गोष्ट सांगतात तेव्हा हसत नाहीत.

इथे थोडं थांबून एक खबरदारी सांगतो, नाहीतर चुकीचा निष्कर्ष निघेल. मरिनर्सचं मैदान, टी-मोबाइल पार्क, हे पिचरांचं मैदान आहे. समुद्राच्या खाडीजवळ, संध्याकाळची हवा थंड आणि जड, चेंडू लांब जात नाही. चेंडू नीट दिसत नाही अशी तक्रार बॅटर वर्षानुवर्षं करतात, आणि तिथे स्ट्राइकआऊट खरंच जास्त होतात. २०१२ नंतर कुंपण आत आणलं, तरी स्वभाव बदलला नाही. म्हणजे ज्या मैदानाने पिचरांना मोठं केलं, त्यानेच बॅटरना लहान केलं. त्या वर्षी सिएटलचे पिचर घरी जितके अभेद्य होते तितके बाहेर नव्हते. म्हणून "सर्वोत्तम रोटेशन आणि सर्वांत वाईट बॅटिंग" असं म्हणताना दोन्ही बाजूंचा थोडा थोडा रंग मैदानाचा आहे हे धरायला हवं. तुमच्या मैदानाचा विचार करा. माती मऊ असेल, गवत वाढलेलं असेल, मागे पांढरी भिंत किंवा उन्हात चमकणारा पत्रा असेल आणि त्यातून पांढरा चेंडू येत असेल, तर तुमचे पिचर वाटतात तेवढे उत्तम नसतील आणि बॅटर वाटतात तेवढे वाईट नसतील. पत्र्यावर गडद हिरवं कापड लावायला फार पैसे लागत नाहीत.

तरीसुद्धा मैदानाने सगळं समजावता येत नाही. त्या वर्षी संघाने ६७६ धावा केल्या आणि ६०७ दिल्या. केलेल्या धावांचा वर्ग, भागिले दोन्ही वर्गांची बेरीज, हे बेसबॉलचे आकडेतज्ज्ञ बिल जेम्स यांचं जुनं सूत्र लावलं तर ८९-९० विजय यायला हवे होते. आले ८५. चार-पाच सामने कुठे गेले? थोडं नशीब. पण थोडं हेही की धावा गरजेच्या दिवशी येत नव्हत्या. एका दिवशी नऊ, पुढचे तीन दिवस एक, शून्य, दोन. स्ट्राइकआऊटवर आणि होमरनवर जगणाऱ्या बॅटिंगचं असंच होतं. तीन हिट एका इनिंगमध्ये आल्या तर दोन धावा होतात, त्याच तीन वेगवेगळ्या इनिंगमध्ये आल्या तर शून्य. हिट जोडून घ्यायच्या असतील तर मधल्या बॅटरने निदान चेंडू मैदानात घालावा लागतो. तिसऱ्या बेसवर रनर आणि एक आऊट असताना मध्यम उंचीचा झेल गेला तरी झेलानंतर रनर पळून धाव काढतो. स्ट्राइकआऊटवर काही येत नाही.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, स्लम्प, म्हणजे फॉर्म हरवणं. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझं काम हेच आहे.

माउंडपासून प्लेट साडेसाठ फूट, सुमारे १८.४ मीटर. मेजर लीगचा १५० किलोमीटरचा चेंडू हातातून सुटल्यावर ०.४ सेकंदाच्या आसपास प्लेटवर येतो. त्यातला निम्मा वेळ बॅट फिरवायलाच जातो. उरलेल्या निम्म्यात बॅटरने ठरवायचं: फास्टबॉल की स्लायडर, आत की बाहेर, मारू की सोडू. म्हणून बॅटिंग म्हणजे मारणं आहे असं मी मुलांना कधीच सांगत नाही. बॅटिंग म्हणजे ठरवणं, आणि ठरवणं चुकायला लागलं की त्याला आपण स्लम्प म्हणतो. स्विंग बिघडतो तो नंतर. चार दिवस हिट मिळाली नाही की बॅटर घाई करतो. घाई केली की खांदा आधी उघडतो. खांदा उघडला की बाहेरचा चेंडू दिसेनासा होतो आणि तोच चेंडू पिचर पुन्हा पुन्हा टाकतो.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे चौदा वर्षांचा एक मुलगा होता. हात चांगले, पाय चांगले, आणि सलग सतरा वेळा हिट नाही. आई-वडील काळजीत. वडील पुण्याचे, क्रिकेट खेळलेले. प्रत्येक वेळी तो प्लेटवर गेला की स्टँडमधून त्यांचा आवाज यायचा, "बघून खेळ रे!" मी त्याच्या तीन सामन्यांचा मोबाइलवरचा व्हिडिओ घरी बसून चेंडू-चेंडू पाहिला आणि स्विंगकडे लक्षच दिलं नाही. फक्त लिहीत गेलो: पहिला चेंडू कुठे आला, याने काय केलं. सतरापैकी बारा वेळा पहिला चेंडू बेल्टच्या उंचीवर, मधोमध आला होता, आणि बाराही वेळा मुलाने तो सोडला होता. तो 'बघत' होता. म्हणजे त्या बाराही वेळा तो ०-१ वर, एक स्ट्राइक मागे पडून, सुरुवात करत होता. दुसरा चेंडू फाउल, ०-२. मग पिचर खाली-बाहेर टाकणार आणि हा त्याच्या मागे झेप घेणार. वडिलांचा सल्ला क्रिकेटमध्ये सोन्यासारखा आहे. पहिली पाच षटकं बघून काढा, नंतर मारा. बेसबॉलमध्ये पाच षटकं नसतात. तीन स्ट्राइक असतात, आणि त्यातला सर्वांत चांगला चेंडू बऱ्याचदा पहिलाच असतो.

मी त्याची बॅट तीन दिवस काढून घेतली. चेंडूंवर लाल, निळे, हिरवे ठिपके लावले, मशीनमधून येऊ दिले आणि नुसतं उभं राहून रंग ओरडायला सांगितलं. पहिल्या दिवशी निम्मे चुकले. तिसऱ्या दिवशी बहुतेक बरोबर आले. चौथ्या दिवशी घरून एक जुनं स्टीलचं ताट नेलं, प्लेटच्या मागच्या जाळीला बेल्टच्या उंचीवर मधोमध टांगलं, आणि रबरी चेंडू टाकायला घेतले. नियम एकच: चेंडू ताटाकडे चाललाय असं वाटलं तर पूर्ण ताकदीने मार, नाहीतर बॅट खांद्यावरून हलवू नकोस. चांगला चेंडू सोडला की मागून "टण्ण" असा आवाज यायचा. मी काहीच बोलत नव्हतो, ताटच बोलत होतं. पहिल्या वीस चेंडूंत नऊ वेळा टण्ण झालं. मुलाचा चेहरा लाल झाला. आपण कुठले चेंडू सोडतोय हे त्याला पहिल्यांदा कानाने ऐकू आलं. आठवड्याच्या शेवटी तो आवाज वीसात दोन-तीनदा यायला लागला. स्विंगला मी हात लावला नाही. खांदा आपोआप बंद राहू लागला, कारण आता तो पळत्या चेंडूच्या मागे धावत नव्हता, येणाऱ्या चेंडूची वाट पाहत होता.

मात्र प्रत्येक स्लम्प असा डोक्यातला नसतो, आणि इथे प्रशिक्षक म्हणून मला सर्वांत जास्त काळजी वाटते. २०२४ मध्ये मरिनर्सने जॉर्ज पोलान्कोला आणलं होतं. आदल्या वर्षांत चांगला खेळलेला, शांत डोक्याचा बॅटर. त्याची सरासरी आली .२१३. लोक चिडले, घरच्या मैदानावर नाराजी ऐकू येत होती. मोसम संपल्यावर ऑक्टोबरमध्ये त्याच्या डाव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. तो वर्षभर दुखऱ्या गुडघ्यावर खेळत होता. बॅटिंगची ताकद पायातून येते. पाय टेकवताना दुखत असेल तर शरीर न सांगता स्विंग बदलतं. पुढच्या वर्षी तोच पोलान्को, तोच संघ, तेच मैदान, आणि २६ होमरन. म्हणून तुमचा एखादा मुलगा अचानक बंद पडला तर पहिल्यांदा त्याला एकट्याला बाजूला घ्या आणि विचारा, "कुठे दुखतंय का?" संघासमोर विचारू नका. जागा जाईल या भीतीने तो नाही म्हणेल. आपल्याकडची मुलं तर नक्कीच म्हणतील.

मॅनेजर बदलून काय झालं, हेही सांगायला हवं. सर्व्हायस यांच्या जागी डॅन विल्सन आले आणि बॅटिंगसाठी एडगर मार्टिनेझ. सिएटलमध्ये या माणसाच्या नावाने रस्ता आहे. कारकिर्दीची सरासरी .३१२, २०१९ मध्ये हॉल ऑफ फेम, म्हणजे महान खेळाडूंच्या यादीत. कमी लोकांना माहीत असतं की त्याच्या डोळ्यांत दोष होता, एक डोळा दुसऱ्याशी जुळत नसे, आणि खेळत असताना तो रोज डोळ्यांचे व्यायाम करायचा. माझी रंगीत ठिपक्यांची कल्पना अशाच कथा वाचून सुचलेली. या दोघांच्या हाताखाली शेवटच्या ३४ सामन्यांत संघाने २१ जिंकले. श्रेय त्यांना द्या, पण सगळं देऊ नका. इतके दिवस तळाला असलेले बॅटर काही प्रमाणात आपोआप वर येतातच. जुलैच्या शेवटी रँडी अरोझरेना आणि जस्टिन टर्नर हे नवे बॅटरही आले होते. ज्या दिवशी प्रशिक्षक बदलतो त्याच दिवशी बॅटिंग सुधारली असं वाटतं, कारण प्रशिक्षक नेहमी सर्वांत खोल खड्ड्यात असतानाच बदलतात. तुमच्या कॉलेजात कुणी तुम्हाला बदलायचं म्हणत असेल तर हा मुद्दा त्यांच्यापुढे ठेवा.

२०२५ मध्ये काय झालं ते तुमच्या पिचरांनाही सांगा. कर्बी, गिल्बर्ट, मिलर तिघेही दुखापतींनी काही काळ बाहेर होते, रोटेशन आदल्या वर्षीइतकं भक्कम राहिलं नाही. पण कॅल रॅलीने ६० होमरन मारले, कॅचर असून. जुलैत ॲरिझोनाकडून जॉश नेलर आणि युहेनिओ सुआरेझ हे बॅटर आले. संघ ९० विजयांसह विभाग जिंकला, २००१ नंतर पहिल्यांदा. प्लेऑफमध्ये डेट्रॉइटविरुद्धचा निर्णायक पाचवा सामना पंधरा इनिंग चालला, आणि ३-२ असा संपवणारी हिट पोलान्कोची होती. मी तेव्हा घरात उभा होतो. बसवतच नव्हतं. पुढे टोरांटोकडून सातव्या सामन्यात ४-३ ने हरले, वर्ल्ड सिरीज हुकली, पण पिचिंग कमकुवत असलेल्या वर्षी हा संघ पिचिंग सर्वोत्तम असलेल्या वर्षीपेक्षा खूप पुढे गेला.

तुमच्या संघासाठी आता. तुमच्याकडे नेलर विकत आणायची सोय नाही, जी मुलं आहेत तीच आहेत. मी असं करीन.

पुढचे दोन आठवडे हिट मोजणं बंद करा. प्रत्येक बॅटरने किती चेंडू खेळले तेवढं मोजा. समोरच्या पिचरला एका इनिंगमध्ये पंधरापेक्षा जास्त चेंडू टाकायला लावले तर ती इनिंग चांगली, मग धाव येवो न येवो. याचा फायदा दोन बाजूंनी होतो. समोरचा पिचर पाचव्या इनिंगपर्यंत थकतो आणि तुमचा पिचर बाकावर श्वास घेतो. पण याचा अर्थ पहिला चेंडू सोडायचा असा नाही, तो मुलगा आठवा. ताटाएवढ्या जागेत आला तर पहिलाच मारायचा. लांब खेळणं फाउल मारून आणि वाईट चेंडू सोडून होतं, चांगले चेंडू सोडून होत नाही.

दोन स्ट्राइक झाल्यावर सगळ्यांनी बॅट दोन बोटं वर धरावी आणि पिचरच्या डोक्यावरून मारायचा विचार करावा. कॉलेज पातळीवर मैदानात घातलेला ग्राउंडर हे खरं शस्त्र आहे, कारण फिल्डरच्या चुका मेजर लीगपेक्षा कितीतरी जास्त होतात. स्ट्राइकआऊट तिथे दुप्पट महाग. बंटचा, म्हणजे बॅट नुसती लावून चेंडू जवळच थोपवण्याचा, सराव करा, पण पहिल्या इनिंगपासून बंट करत सुटू नका. एक आऊट फुकट देऊन एक बेस घेणं हा सौदा एकाच धावेची गरज असेल तेव्हाच परवडतो.

लाइनअप रोज बदलू नका. हरणारा प्रशिक्षक हेच करतो, मीही केलं आहे, आणि त्याने मुलांना एवढंच कळतं की साहेब घाबरलेत. क्रम दोन आठवडे तोच ठेवा. फक्त सगळ्यांत जास्त वेळा बेसवर पोचणारा मुलगा पहिल्या क्रमांकावर ठेवा, मग तो सावकाश पळणारा असला तरी चालेल.

आणि पिचरांशी बोला. हे सगळ्यांत आधी करा. हरल्यावर बॅटरांची बैठक होते, पिचरांना कुणी काही म्हणत नाही, कारण त्यांची चूक नसते. ते गप्प बसतात आणि आतून कडवट होत जातात. एका सामन्यानंतर माझा एक पिचर, पंधरा वर्षांचा, सात इनिंगमध्ये एक धाव देऊन ०-१ ने हरला. बसमध्ये तो बॅटरांपासून चार सीट मागे बसला. त्या आठवड्यात मी त्याला ताटाच्या सरावाला बोलावलं आणि बॅटरना चेंडू टाकायचं काम दिलं. त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की हे किती अवघड आहे, आणि बॅटरना कळलं की त्याचा चेंडू शेवटच्या क्षणी किती वळतो. पुढच्या बसमध्ये ते सगळे एकत्र बसले होते. धावा त्याही सामन्यात दोनच झाल्या.

तुमच्या गेल्या पाच सामन्यांची स्कोअरबुकची पानं असतील तर त्यात प्रत्येक बॅटरचा पहिला चेंडू स्ट्राइक होता का आणि त्याने बॅट फिरवली का, एवढी एक खूण पेन्सिलने करून त्याचे फोटो पाठवा. व्हिडिओ नसला तरी चालेल. कॅचरला विचारून आठवेल तेवढं भरा, त्याला बहुतेक सगळं आठवत असतं.